बॅटरी चार्जिंगनं कमी, उन्हानं जास्त मरते

ज्यांना आपला पॉडकास्ट ऐकायला वेळ नाही, ज्यांचा दिवसाचा डेटा संपलाय किंवा ज्यांचे इअरफोन भावानं पळवलेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी मजकूर. बोलतानाचे 'अं', 'हां' काढलेत, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.

मी बोलतेय मालेगावहून. नाशिकचं नाही हो, वाशिमचं! हे दर वेळी सांगावं लागतं, कारण बाहेरचे लोक मालेगाव म्हटलं की थेट यंत्रमागांवर जातात. आपलं मालेगाव म्हणजे सोयाबीन, तूर, हरभरा आणि मे महिन्यातलं ऊन. आजच्या भागात त्या उन्हाचं काम मोठं आहे.

गेल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे आले. 'ताई, फोनची बॅटरी टिकत नाही, काय करू?' उत्तर द्यायचं मी टाळत होते, कारण माझीच बॅटरी टिकत नव्हती. आधी तेच सांगते.

वावरात फोन बंद पडला

गोष्ट सप्टेंबरमधली. सोयाबीन शेंगांवर आलेलं आणि ई-पीक पाहणीची मुदत संपायला दोन दिवस राहिलेले. शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगते: २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ही पद्धत सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः वावरात उभं राहून ॲपमधून पिकाचा फोटो काढायचा, ॲप जीपीएसवरून जागा तपासतं आणि मग सातबाऱ्यावर पिकाची नोंद होते. नोंद राहिली की पुढे सरकारी खरेदीला, नुकसानभरपाईला अडचण येऊ शकते.

बाबांचा फोन साधा, बटणांचा. त्यामुळे हे काम दर वर्षी माझ्याकडे. आम्ही गाडीवर वावरात गेलो तेव्हा माझ्या फोनमध्ये ३१ टक्के बॅटरी होती. मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम, आरामात होईल. उन्हात स्क्रीन दिसेना म्हणून ब्राइटनेस पूर्ण वाढवला. लोकेशन चालू केलं. नेटवर्कची एकच काडी होती. ॲप उघडलं, कॅमेरा सुरू झाला, फोटोचं बटण दाबलं आणि फोन बंद! पुन्हा चालू केला, तर कंपनीचं नाव दिसलं आणि लगेच लाल रिकामी बॅटरी.

बाबा म्हणाले, "काहून वं, सकाळी त भरला होता म्हनत होती न तू?"

काय सांगणार? घरी परत आलो. फोन चार्ज होईपर्यंत पाऊस लागला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी, पॉवर बँकेची वायर लावलेला फोन हातात धरून कशीबशी नोंद केली. नोंद झाली, पण आदल्या रात्री मला झोप लागली नव्हती. बाबांची वर्षभराची मेहनत माझ्या फोनच्या भरवशावर होती आणि तो फोन ३१ टक्के दाखवून खोटं बोलत होता.

मग मी यावर वाचायला घेतलं. पहिली गोष्ट कळली ती ही की 'बॅटरी टिकणं' म्हणजे दोन वेगळे प्रश्न आहेत. एक, आज भरलेली बॅटरी रात्रीपर्यंत पुरेल का? दोन, ही बॅटरी आणखी तीन वर्षं धड राहील का? आपण सगळे पहिल्याच्या मागे असतो. माझा फोन वावरात बंद पडला तो दुसऱ्यामुळे.

आत नेमकं काय चालतं

आपल्या फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. सोनी कंपनीनं ती १९९१ मध्ये पहिल्यांदा बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. म्हणजे दहावीला नापास झालेल्यांनी काळजी करू नका, वेळ आहे!

बॅटरीत दोन बाजू असतात. एका बाजूला ग्रॅफाइट, दुसऱ्या बाजूला धातूचं ऑक्साइड, मध्ये एक द्रव आणि दोन्ही बाजू एकमेकींना चिकटू नयेत म्हणून एक पातळ पडदा. चार्ज करताना लिथियमचे कण ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. फोन वापरला की ते परत पलीकडे जातात. एवढंच. कण संपत नाहीत, नुसते इकडून तिकडे फिरतात.

मग बॅटरी म्हातारी का होते? ग्रॅफाइटवर त्या द्रवामुळे एक पातळ साय धरते. थोडी साय गरजेचीच असते, ती ग्रॅफाइटचं रक्षण करते. पण ती हळूहळू जाड होत जाते आणि जाड होताना थोडं थोडं लिथियम स्वतःमध्ये अडकवून ठेवते. त्यातून दोन तोटे होतात. फिरायला कण कमी उरतात, म्हणजे बॅटरीत मावणारी वीज कमी होते. आणि उरलेल्या कणांना जाड सायीतून वाट काढावी लागते, म्हणजे बॅटरीचा आतला विरोध वाढतो.

साय भराभर जाड करणाऱ्या दोन मोठ्या गोष्टी म्हणजे उष्णता आणि बॅटरी सतत गच्च भरलेली असणं. या दोन एकत्र आल्या की विचारूच नका.

मग ३१ टक्क्यांवर फोन बंद कसा पडतो?

हे समजायला आपल्याकडे सोपं उदाहरण आहे. एका डीपीवर सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की काय होतं? व्होल्टेज पडतं, घरातला बल्ब मंद होतो आणि मोटर पाणी ओढत नाही. तारेत वीज असते, पण एकदम एवढा लोड आला की व्होल्टेज टिकत नाही.

फोनचंही तसंच. बॅटरी पूर्ण भरलेली असताना तिचं व्होल्टेज ४.२ ते ४.४ च्या आसपास असतं आणि रिकामी होत जाईल तसं ते उतरतं. एका मर्यादेखाली गेलं की फोन स्वतःला बंद करतो. नव्या बॅटरीवर लोड आला तर व्होल्टेज किंचित हलतं. जुन्या बॅटरीचा आतला विरोध वाढलेला असतो, त्यामुळे लोड आला की व्होल्टेज धाडकन पडतं. वावरात मी काय केलं होतं? पूर्ण ब्राइटनेस, जीपीएस, लांबचा टॉवर आणि कॅमेरा, चारही एकदम. चार मोटारी एका डीपीवर! स्क्रीनवरची टक्केवारी हा फोनचा अंदाज असतो, आणि बॅटरी जुनी झाली की तो अंदाज चुकतो.

हे फक्त स्वस्त फोनचं दुखणं नाही. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ॲपलनं मान्य केलं होतं की जुन्या बॅटरीचे आयफोन असे अचानक बंद पडू नयेत म्हणून ते सॉफ्टवेअरनं मुद्दाम हळू केले जात होते. लोक चिडले, कंपनीनं माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर कमी केला. बॅटरी बदलली की तेच फोन पुन्हा पहिल्यासारखे चालायला लागले.

आपला खरा शत्रू: ऊन

आता आकडे बघू. बॅटरी युनिव्हर्सिटी नावाच्या संकेतस्थळावर एक तक्ता आहे. बॅटरी वर्षभर न वापरता नुसती ठेवली, तर तिची क्षमता किती उरते?

२५ अंशांना, ४० टक्के भरून ठेवली: सुमारे ९६ टक्के उरते.
२५ अंशांना, पूर्ण भरून ठेवली: सुमारे ८० टक्के.
४० अंशांना, ४० टक्के भरून ठेवली: सुमारे ८५ टक्के.
४० अंशांना, पूर्ण भरून ठेवली: सुमारे ६५ टक्के.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. न वापरता, वर्षभरात एक तृतीयांशाहून जास्त बॅटरी गेली! तुमच्या फोनचा आकडा थोडा वेगळा येईल, पण दिशा हीच. ॲपल आपल्या फोनसाठी ३५ अंशांपर्यंतचं हवामान योग्य मानतं आणि त्यापुढे बॅटरीचं कायमचं नुकसान होऊ शकतं असं सांगतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. ही सावलीतली गोष्ट. गाडीच्या हँडलवरच्या होल्डरमध्ये किंवा कारच्या डॅशबोर्डवर ठेवलेला फोन याहून कितीतरी जास्त तापतो.

आता माझे पराक्रम ऐका. माझी खोली वरच्या मजल्यावर, टिनाखाली. फोन रात्रभर उशीखाली चार्जिंगला. दुपारी भावाला हॉटस्पॉट देऊन वर चार्जर लावलेला. त्यावर जाड रबरी कव्हर. अकोल्याला जाताना फोन होल्डरमध्ये, मॅप चालू, डोक्यावर ऊन. असे दोन उन्हाळे काढले. म्हणजे फोन बंद पडला सप्टेंबरमध्ये, पण त्याची बॅटरी मेमध्येच अर्धी मेली होती.

म्हणून आपल्या भागातल्या माणसानं आधी हे करावं. चार्जिंग शक्यतो पहाटे किंवा रात्री उशिरा, घरातल्या सगळ्यात थंड जागी करा. आमच्या घरात ती जागा म्हणजे खालच्या खोलीतली फरशी. चार्जिंग करताना कव्हर काढा. फोन गरम लागत असेल तर आधी थंड होऊ द्या, मग चार्जर लावा. थंड करायला फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत पाणी धरतं. चार्जिंग चालू असताना गेम, हॉटस्पॉट, व्हिडिओ कॉल टाळा. गाडीवर फोन खिशात ठेवा आणि रस्ता कानात ऐका. समृद्धीवरून नागपूरला जाणार असाल तर फोन काचेजवळ नको, एसीच्या झरोक्यासमोर लावा.

चार्जिंगबद्दलचे समज-गैरसमज

'पूर्ण उतरू दे, मग चार्ज कर.' हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा. लिथियमला तो उलट त्रासदायक. थोडं थोडं चार्ज केलेलं तिला चालतं, आवडतंच म्हणा ना.

'सारखं चार्जिंगला लावलं की बॅटरी खराब होते.' नाही. मोजणी किती वेळा वायर लावली याची होत नाही, एकूण किती वीज वापरली याची होते. आज ५० टक्के वापरले, उद्या ५० टक्के, तर मिळून एक फेरी. ॲपल आयफोन १४ पर्यंतच्या फोनसाठी ५०० फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता उरेल असं सांगतं, आयफोन १५ पासून १००० फेऱ्यांनंतर. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच आहे की नव्या स्मार्टफोनची बॅटरी ८०० फेऱ्यांनंतर किमान ८० टक्के उरली पाहिजे. रोज एक फेरी धरली तर ८०० म्हणजे सव्वादोन वर्षांच्या आसपास.

'रात्रभर चार्जिंगला लावला तर फोन फुटतो.' धड चार्जर असेल तर फोन भरल्यावर स्वतः थांबतो. तोटा वेगळा आहे: फोन सहा-सात तास गच्च भरलेल्या अवस्थेत राहतो, आणि उशीखाली असेल तर गरमही. आता बऱ्याच फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची किंवा सकाळी उठायच्या वेळेलाच शंभर पूर्ण करायची सोय आहे. सेटिंग्जमध्ये बॅटरी उघडा, तिथे 'प्रोटेक्शन', 'ऑप्टिमाइझ्ड' किंवा 'ॲडॅप्टिव्ह' असं काही दिसेल. ते चालू करा.

मग रोज २० ते ८० मध्येच ठेवायचा का? जमलं तर उत्तम. पण लाइट जायची शक्यता असेल, पेपरला जायचं असेल, दवाखान्यात कोणी असेल, तर बिनधास्त शंभर करा. बॅटरी आपल्यासाठी आहे, आपण बॅटरीसाठी नाही. फक्त शंभरवर भरलेला फोन उन्हात ठेवू नका.

आजचा दिवस पुरवायचा असेल तर

हे थोडक्यात सांगते, कारण बरंच तुम्हाला माहीत असेल.

सगळ्यात जास्त वीज बहुतेक वेळा स्क्रीन खाते. ब्राइटनेस कमी करा, स्क्रीन तीस सेकंदांत बंद होईल असं ठेवा. डार्क मोडचा फायदा ओएलईडी स्क्रीनलाच होतो, साध्या एलसीडीला नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं २०२१ मध्ये मोजलं तेव्हा ३० ते ५० टक्के ब्राइटनेसला डार्क मोडनं सरासरी ३ ते ९ टक्केच वीज वाचली, पूर्ण ब्राइटनेसला ३९ ते ४७ टक्के. म्हणजे घरात बसून फार फरक नाही, उन्हात उभं राहून मात्र मोठा.

दुसरा खादाड म्हणजे कमजोर नेटवर्क. टॉवर लांब असला की फोन जोरात 'ओरडून' बोलतो आणि सारखा टॉवर शोधत राहतो. पातूरच्या घाटातून जाताना फोन न वापरताही बॅटरी उतरते ती यामुळे. जिथे नेटवर्क नाहीच, तिथे विमान मोड लावा. जिथे फाइव्ह-जी येऊन-जाऊन असतं, तिथे फोर-जीवर ठेवा.

तिसरं, मागची ॲप्स सारखी सरकवून बंद करायची सवय. मलाही होती. पण बंद केलेलं ॲप पुन्हा उघडताना फोनला पहिल्यापासून सगळं लोड करावं लागतं. रोजची ॲप्स राहू द्या. त्यापेक्षा सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर जाऊन बघा, न वापरता कोण खातंय. माझ्याकडे एक शॉपिंगचं ॲप दिवसभर लोकेशन घेत होतं. त्याची परवानगी काढली.

आणि पॉवर बँक. १०,००० एमएएचची पॉवर बँक ५,००० एमएएचचा फोन दोनदा भरत नाही. विजेचं रूपांतर होताना बरीच वाया जाते, साधारण दीड वेळा भरेल. दुकानदारानं फसवलं असं नाही, हिशोबच तसा आहे.

बॅटरी बदलायची वेळ

टक्के ४० वरून एकदम १५ वर येतात, वीस-तीसला फोन बंद पडतो, किंवा मागचं झाकण उचललेलं दिसतं. ही लक्षणं दिसली की सेटिंग्जनं फार काही होणार नाही. झाकण उचललं असेल तर बॅटरी फुगली आहे. फोन लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. तसाच दुकानात न्या.

काहींना २००७ आठवत असेल, निदान घरच्यांना आठवेल. नोकियानं बीएल-५सी प्रकारच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबाबत इशारा दिला होता, कारण चार्जिंग करताना त्या जास्त तापू शकत होत्या. नावाजलेल्या कंपनीच्या बॅटरीत हे होऊ शकतं, तर विनानावाच्या स्वस्त बॅटरीचं काय सांगावं?

म्हणून बॅटरी, पॉवर बँक, चार्जर घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की खरा की खोटा ते कळतं. जुनी बॅटरी कचऱ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका, कचरागाडीत दबली तर ती पेट घेऊ शकते. बदलणाऱ्या दुकानातच द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी उत्पादकांची आहे.

मी काय केलं? घरी सगळे म्हणाले नवीन फोन घे. हप्त्यांचा हिशोबही झाला होता. पण फोनला दुसरं काहीच झालं नव्हतं. अकोल्याला जाऊन बॅटरी बदलून घेतली, नव्या फोनच्या आठव्या हिश्श्यात काम झालं. आता तो चार्जिंगला खालच्या खोलीत, फरशीवर, कव्हर काढून असतो. उशीखाली नाही.

ज्यांच्या घरी ई-पीक पाहणी, ई-केवायसी असलं काम तुमच्याच गळ्यात असतं, त्यांच्यासाठी जाता जाता: आदल्या रात्री फोन पूर्ण भरा. वावरात जाईपर्यंत डेटा आणि लोकेशन बंद, फोन खिशात. तिथे सावलीत उभं राहून ॲप उघडा, म्हणजे ब्राइटनेस कमी लागेल. बाकी सगळं बंद. आणि काम मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांवर ठेवू नका. ही चूक बॅटरीची नव्हती, माझी होती.

यंदाच्या रब्बीत हरभऱ्याची नोंद केली तेव्हा फोन ७२ टक्क्यांवर होता. काम झाल्यावर ६८. बाबांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता मलेबी असाच एक घेऊन दे." आता त्यांना काय काय शिकवावं लागणार, तो वेगळा भाग होईल.

तुमचा फोन उन्हाळ्यात कुठे ठेवता आणि किती टक्क्यांवर बंद पडतो, ते व्हॉइस मेसेज करून नक्की कळवा. चांगले मेसेज पुढच्या भागात ऐकवीन. तोवर काळजी घ्या आणि फोन सावलीत ठेवा!